टोटल लॉस झालेल्या गाडीच्या आरसीवर तसं छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अपघातात मोडलेल्या परदेशी स्पोर्ट्स कार विमा कंपन्यांच्या लिलावात चौथाई किमतीत मिळतात, थोडी हिंमत आणि ओळखीचा गॅरेजवाला असला की काम झालं, अशा सुराचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला होता. सोबत एका पिवळ्या गाडीचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो. नंतरच्या फोटोत गाडी देखणी दिसते, यात वाद नाही. फोटोवरून गाडी तपासता आली असती तर आम्हा लोकांना कुणी कामाला बोलावलंच नसतं.

मी कोल्हापुरात मोटार सर्व्हेअर म्हणून आयुष्य काढलं. विमा कंपनी आणि गाडीवाला यांच्या मधे उभं राहून नुकसानीचा आकडा लिहायचा, दोघांच्याही शिव्या खायच्या, असं हे काम. आता निवृत्त आहे, पण ओळखीची पोरं अजून मोबाइलवर लिलावाचे फोटो पाठवतात आणि विचारतात, ‘काका, बोली लावू का?’ आपला लेख आल्यापासून हे फारच वाढलंय. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा.

गाडी लिलावात येते कशी, ते लेखात नव्हतं. विमा उतरवताना गाडीची एक किंमत ठरते, तिला आयडीव्ही म्हणतात. कंपनीची आजची विक्री किंमत धरायची आणि वयाप्रमाणे घसारा कापायचा. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, असं करत पाचव्या वर्षाअखेर ५०. अपघातानंतर गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की ती ‘टोटल लॉस’. समजा आयडीव्ही ४० लाख आहे, म्हणजे रेघ ३० लाखांवर. वर्कशॉपचं एस्टिमेट ३१ लाखांचं आलं, की मालकाच्या हातात पैसे पडतात आणि मोडलेली गाडी, जिला आम्ही सॅल्व्हेज म्हणतो, ती बोलीवर जाते.

पोरांचं म्हणणं असं, की ३१ लाख हा कंपनीच्या वर्कशॉपचा भाव झाला. आपल्या उद्यमनगरात तेच काम ८ लाखांत होईल.

उद्यमनगराबद्दल मी वाईट बोलणार नाही. तिथल्या लेथवर तासलेले क्रँक मी हातात घेऊन पाहिलेत. जुन्या ऑइल इंजिनाचा, गुऱ्हाळातल्या चरकाचा तुटका भाग नुसता टेबलावर ठेवला, तरी त्यावरून नवा करून देणारे कारागीर तिथे आहेत. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा तिच्याकडे बघायला अख्खं गाव लोटतं, आणि ती स्वातंत्र्याच्या आधीची गाडी अजून रस्त्यावर येते याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या काळच्या गाडीत जे मोडतं ते डोळ्यांना दिसतं, आणि दिसलं की कारागीर ते नीट करतो. आजच्या स्पोर्ट्स कारचं निम्मं नुकसान डोळ्यांना दिसतच नाही. ते फक्त एस्टिमेटच्या कागदावर दिसतं.

तो कागद एकदा नीट वाचा. बंपर, बोनेट, हेडलॅम्प, रेडिएटर, इथपर्यंत सगळ्यांना कळतं. मग पुढची पानं सुरू होतात. स्टिअरिंगमधली एअरबॅग, डॅशबोर्डातली, सीटच्या कडेची. दोन्ही सीटबेल्टच्या पट्ट्यांचे प्रीटेन्शनर. एअरबॅगचं कंट्रोल युनिट, पुढचे धडक ओळखणारे सेन्सर, वायरिंगचा हार्नेस. प्रीटेन्शनरमध्ये फटाक्यासारखी स्फोटक दारूची बारीकशी पुडी असते. धडक बसताक्षणी ती उडते आणि पट्टा छातीशी आवळला जातो. एकदा उडाली की तो पट्टा बाद, तो बदलायचाच. काही स्पोर्ट्स कारमध्ये बोनेटच्या बिजागऱ्यांपाशीसुद्धा अशीच योजना असते. पादचारी धडकला तर बोनेट क्षणात थोडं वर उचललं जातं, म्हणजे त्याचं डोकं खालच्या कडक इंजिनावर आपटत नाही. तेही एकदाच चालतं. आणि या प्रत्येक वस्तूची किंमत वाचून माझ्यासारख्या माणसालाही दोनदा चष्मा पुसावा लागतो.

मग ३१ लाखांचे ८ लाख होतात कशाने? आपल्याकडे मजुरी कमी आहे, हे खरं. रंगकामही स्वस्त पडतं. पण मोठी कपात होते ती या मागच्या पानांतून. डॅशबोर्डाला नवं कातडं चढवतात, आत एअरबॅग नसते. पट्टा तसाच कापून शिवून बसवतात. कंट्रोल युनिटमध्ये धडकेची नोंद पक्की झालेली असते, ती कुणाकडून तरी पुसून आणतात. आणि बॅग नसल्याचा इशारा देणाऱ्या डॅशबोर्डावरच्या दिव्याचं काय, तर एअरबॅगच्या कनेक्टरमध्ये दोन-तीन ओहमचा रेझिस्टर अडकवला, की कंट्रोल युनिट समजतं बॅग जागेवर आहे. दिवा विझतो. हा रेझिस्टर काही रुपयांत मिळतो.

लिलावातल्या गाडीची स्वस्ताई म्हणजे न बसवलेल्या भागांची किंमत. आपल्या लेखात ही एक ओळ असती तर मला पत्र लिहावं लागलं नसतं.

आता एक पाहिलेली गाडी सांगतो. घेणारा आमच्या परिचयातला, होतकरू, स्वतःचा छोटा कारखाना चालवणारा तरुण. गाडी ब्रिटिश कंपनीची, दोन सीटांची, सगळं अंग ॲल्युमिनियमचं. पुणे-बंगळूर रस्त्यावर डाव्या बाजूने दुभाजकाला घासून धडकलेली. लिलावाच्या पानावर फोटो भरपूर होते, आणि बहुतेक सगळे उजव्या बाजूने काढलेले. डावीकडचा एकच, तोही लांबून. मला त्याने गाडी दारात उतरल्यावर बोलावलं. क्रेनवाला अजून पैशांसाठी उभा होता.

डावं पुढचं चाक मागे ढकलून चाकाच्या कमानीला टेकलं होतं. चाक मागे गेलं याचा अर्थ धक्का सस्पेन्शनमधून गाडीच्या हाडापर्यंत पोचला. या गाड्यांत सस्पेन्शन जिथे बसतं तो ओतीव ॲल्युमिनियमचा मोठा तुकडा असतो, आणि तो बाकीच्या अंगाला रिव्हेट आणि एपॉक्सी चिकटवण्याने जोडलेला असतो. ओतीव ॲल्युमिनियम लोखंडासारखं ओढून सरळ होत नाही. त्याला चीर पडली की तो तुकडा बदलणं एवढाच मार्ग. चीर होती. बोटाच्या नखाला लागत होती.

त्याने ती आर्गन वेल्डिंगने भरून घेतली. काम करणारा माणूस या भागातला नावाजलेला आहे आणि त्याने लावलेला टाका बघून मी मनापासून दाद दिली. मग त्या दोघांनाही बसवून सांगितलं, की शेजारची ॲल्युमिनियमची पट्टी उष्णता देऊन मुद्दाम कठीण केलेली असते. वेल्डिंगची आच लागली की टाक्याच्या दोन्ही बाजूंना ती मऊ पडते. तिथली ताकद तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्यानेही उतरते. त्याच आचेने आतलं एपॉक्सी जळतं. वरून रंग मारला की काही कळत नाही. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमच्या कामाला वेगळी खोली असते, वेगळी हत्यारं असतात, कारण लोखंडाची घासलेली पूड ॲल्युमिनियमवर बसली तरी पुढे तिथून ते सडायला लागतं. आमच्याकडे त्याच मोरीवजा शेडमध्ये सकाळी ट्रकचा गार्डर कापला होता.

गाडी उभी राहिली. रंग असा, की शेजारणीने पेढे मागितले. रस्त्यावर नेली तर ८०च्या पुढे डावीकडे ओढायची आणि पुढचं टायर आतल्या कडेने झिजायचं. अलाइनमेंटवाल्याने मशीनवर घेऊन हात जोडले, कारण जो कोन जुळवायचा तो जुळायला मूळ जागाच शिल्लक नव्हती. विम्यासाठी तपासणी झाली, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा द्यायला कुणी तयार होईना. फक्त थर्ड पार्टी मिळाला. तोवर गाडीत गेलेला पैसा बेरीज केला, तर तेवढ्यात थोडी भर घालून त्याच मॉडेलची धड गाडी मिळाली असती.

शेवटी त्याने ती विकली. मी विचारलं, घेणाऱ्याला सांगितलंस का? तो म्हणाला, ‘त्यानं विचारलंच नाही, काका.’

या वाक्यावर मी पुन्हा येणार आहे, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. पोरावर माझा राग नाही. पैसे स्वतःचे, हौस स्वतःची. पण त्याच्यानंतरचा तो गिऱ्हाईक, आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसणारं माणूस, यांनी कुठलीच बोली लावलेली नव्हती.

लिलावाबद्दल थोडं. आपल्याच वर्तमानपत्रात बँकांच्या जप्तीच्या नोटिसा येतात, त्यात ‘जे आहे, जसे आहे आणि जेथे आहे’ असं छापलेलं असतं. सॅल्व्हेजच्या लिलावातही अट तीच. गाडी दारात आल्यावर आत इंजिन कंट्रोल युनिट नाही, दुसरी किल्ली नाही, म्युझिक सिस्टीम उचकटलेली आहे, असं निघालं तर तक्रार कुणाकडे करायची नाही. बोलीवर खरेदीदाराची फी, कर, यार्डातून उचलायला उशीर झाला तर रोजचं भाडं, क्रेन, हे वेगळं. आणि जे लोक यार्डात स्वतः जाऊन, गाडीखाली झोपून बघून येतात, ते व्यापारी असतात. त्यांनी जिथे हात आखडता घेतला तिथे तुमची बोली सर्वांत वर राहते. लिलाव जिंकल्याचा आनंद करताना हे कुणाच्या लक्षात येत नाही.

गाडी उलटली असेल तर आणखी एक गंमत. छपराचा पत्रा आणि काचा दिसतात तेवढंच नुकसान समजून लोक बॅटरी जोडतात आणि स्टार्टर मारतात. उलट्या अवस्थेत इंजिनातलं ऑइल सिलिंडरमध्ये उतरलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. तोवर इंजिन चांगलं होतं.

पुरात बुडालेल्या गाड्यांचं तर विचारूच नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर भिजलेल्या गाड्या कुठल्या कुठल्या जिल्ह्यांत जाऊन विकल्या गेल्या ते आम्ही पाहिलं. २०१५ला चेन्नई बुडाली तेव्हा तिथल्या महागड्या जर्मन गाड्यांचे लिलाव निघाले आणि पुण्या-मुंबईचे लोक फोनवर तुटून पडले. २०१९ आणि २०२१ला तर पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि हा अनुभव आमच्या दारातच झाला. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत दोन सीटांच्या मधे, अगदी खाली जमिनीलगत असतं. म्हणजे पाणी पहिल्यांदा तिथेच जातं. सीट धुतल्या, गालिचा वाळवला, अत्तर मारलं, तरी त्या कनेक्टरांमधला हिरवा गंज हळूहळू वाढत राहतो. सीटखाली हात घालून सीटच्या पट्टीचे बोल्ट चाचपून बघा. तिथला गंज धुवायला कुणी जात नाही.

पोरं मला अमेरिकेतले व्हिडिओ दाखवतात. त्यातली एक गोष्ट खरोखर अचाट आहे. सप्टेंबर २०२२मध्ये इयान चक्रीवादळ फ्लोरिडात शिरलं तेव्हा नेपल्स गावात मॅकलारेन पी१ ही गाडी समुद्राच्या पाण्यात बुडाली. जगात अशा गाड्या ३७५च बनवल्या होत्या. ती सॅल्व्हेज लिलावात गेली आणि एका यूट्यूबवाल्याने घेऊन ती पुन्हा उभी करायला काढली. बघायला मजा येते, मीही बघतो. पण त्या माणसाचा धंदा गाडी चालवण्याचा नसून गाडी मोडलेली असताना तिचं चित्रीकरण करण्याचा आहे. जितका गोंधळ निघेल तितके त्याच्या व्हिडिओंचे भाग वाढतात. आमच्या पोराला गोंधळ निघाला तर त्याचा फक्त हप्ता वाढतो. शिवाय मॅकलारेनचा सांगाडा कार्बन फायबरचा. त्याला मार लागला की वरून गुळगुळीत दिसूनही आतले थर सुटलेले असू शकतात. ते तपासायला अल्ट्रासाउंडसारखी यंत्रणा आणि ते वाचणारा माणूस लागतो. ठोकून आवाज ऐकणारे आपल्याकडे आहेत, त्यांच्या कानावर मी माझा जीव टाकणार नाही.

न्याय म्हणून हेही सांगतो, की टोटल लॉस झालेली प्रत्येक गाडी वाईट नसते. चोरीला गेली, क्लेम मिळाला, मग पोलिसांना धडधाकट सापडली, अशी गाडी सॅल्व्हेजमध्ये येते आणि तिला फारसं काही झालेलं नसतं. जुन्या स्पोर्ट्स कारचं तर असं होतं, की आयडीव्ही घसरून इतका खाली आलेला असतो की दोन हेडलॅम्प, बंपर आणि बोनेट एवढ्यावरच ७५ टक्क्यांची रेघ ओलांडली जाते. सांगाड्याला धक्काही नसतो. अशा गाड्या मी स्वतः पाहिल्यात, आणि जाणत्या माणसाने त्या घेऊन वर्षानुवर्षं चालवल्या. फरक कळायला मूळ सर्व्हे रिपोर्ट आणि गाडी सुटी करून घेतलेले फोटो लागतात. विकणाऱ्याकडे ते असतात. मागा. देत नसेल तर ती गाडी कुठल्या जातीची आहे ते कळलंच.

आता कागदाकडे येतो, कारण माझ्या मते लोखंड-ॲल्युमिनियमपेक्षा इथे जास्त घाण आहे.

सॅल्व्हेजवर बोली मागवताना एकाच गाडीसाठी दोन भाव येतात, हे बाहेरच्या लोकांना माहीत नसतं. एक ‘आरसीसह’ आणि एक ‘आरसीशिवाय’, म्हणजे नोंदणी रद्द करून. आरसीसहचा भाव नेहमी वर असतो, कित्येकदा बराच वर. विचार करा, गाडी तीच, मोडतोड तीच. मग वरचे पैसे कशाचे? कागदाचे. प्रामाणिक माणूस ते देतो कारण त्याला गाडी दुरुस्त करून रस्त्यावर आणायची असते. दुसरा देतो कारण त्याला फक्त चासी नंबर आणि आरसी हवी असते. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी कुठून तरी चोरायची, तिच्यावर हा नंबर ठोकायचा, आणि विकायची. स्पोर्ट्स कारमध्ये हे कमी चालतं, कारण हुबेहूब दुसरी सापडणं अवघड. तिथे दोन बाद गाड्यांची एक करतात, एकीचा पुढचा भाग आणि दुसरीचा मागचा. २०२१च्या सुरुवातीला नवी मुंबई पोलिसांनी पुरात खराब होऊन भंगारात निघालेल्या बीएस-४ गाड्यांचे नंबर बदलून त्या विकणारी टोळी पकडली होती. त्या भंगारातल्या गाड्या घेऊन फिरणारी माणसं साधी नोकरदार होती.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं, की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं. पण ‘टोटल लॉस’ हा विम्याच्या हिशेबातला शब्द. दुरुस्त होऊ शकणारी गाडी कायद्याने ‘कायमची निकामी’ ठरत नाही. या फटीतून हजार गोष्टी निसटतात. गाडीचा मूळ मालक मालकी बदलण्याच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या करून सुटल्यासारखा घरी जातो. गाडी तीन हातांतून फिरते, आरसीवर नाव त्याचंच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय, की नोंदणीत ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, मग त्याने गाडी कधीच विकलेली असो. तेव्हा टोटल लॉसचा चेक घेणाऱ्यांनो, सॅल्व्हेज कुणाच्या नावावर चढलं ते बघितल्याशिवाय झोपू नका. घेणाऱ्यानेही बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ आणि परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हातात पडल्याशिवाय दुरुस्तीला एक रुपया लावू नये. महाराष्ट्राचा रस्ता कर वेगळा भरावा लागेल, आणि महागड्या गाडीवर तो आकडा बोचतो.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१७पासून टोटल लॉस झालेल्या गाड्यांचे चार वर्ग आहेत. ‘ए’ म्हणजे अख्खी गाडी चिरडायची. ‘बी’ म्हणजे सुटे भाग काढा, सांगाडा चिरडा. ‘एस’ म्हणजे सांगाड्याला मार आहे पण दुरुस्त होईल, आणि ‘एन’ म्हणजे सांगाडा शाबूत. अमेरिकेत मालकीच्या कागदावरच ‘सॅल्व्हेज’ असा शिक्का बसतो. तसली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. दुरुस्त करून, राज्याची तपासणी होऊन ‘रिबिल्ट’ झाली तरी तो डाग कागदावर राहतो. माझा भाचा टेक्सासमध्ये शिकायला आहे. त्याला मित्राने अशीच एक मस्टँग स्वस्तात देऊ केली, तेव्हा त्याने मला कागदाचा फोटो पाठवला आणि शिक्का वाचून आमचं बोलणं दोन मिनिटांत संपलं. तिकडे शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या आईवडिलांनी एवढं लक्षात ठेवावं, की रिबिल्ट गाडीला पूर्ण विमा द्यायला तिथल्याही कित्येक कंपन्या कां-कू करतात.

तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही. एका राज्यातला शिक्का दुसऱ्या राज्यात नोंदणी करून धुऊन काढणारे तिथेही आहेत. जुलै २०२४मध्ये अमेरिकेच्या एनएचटीएसए या वाहन सुरक्षा संस्थेने इशारा काढला, की अपघातानंतर एअरबॅग बदललेल्या जुन्या गाड्यांत निकृष्ट, स्वस्त इन्फ्लेटर बसवलेले सापडताहेत, ते फुटले की धातूचे तुकडे चालकाच्या अंगात घुसतात, आणि त्यात माणसं मेली आहेत. एवढी नोंद ठेवणाऱ्या देशात ही गत. आपल्याकडे नोंदच नाही. माझ्या परिचयातल्या त्या गाडीची आरसी आज कुणीही काढून बघावी. कंपनी, मॉडेल, रंग, मालकाचा क्रमांक, विम्याची मुदत, सगळं दिसेल. दुभाजक दिसणार नाही.

मागणी एवढीच आहे. विमा कंपनीने टोटल लॉसचा क्लेम मंजूर केला, की त्याच दिवशी सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर त्या चासी नंबरासमोर तशी नोंद पडावी, सांगाड्याला मार होता की नव्हता हे सर्व्हेअरच्या रिपोर्टवरून त्यात यावं, आणि आरसीवर ते कायम छापलं जावं. नोंदणी रद्द करा असं मी म्हणत नाही, चांगल्या गाड्याही त्यात मरतील. नोंद करा. यासाठी नवी यंत्रणा उभारायला नको. १ एप्रिल २०२३पासून जुनी गाडी अधिकृत डीलरच्या ताब्यात गेली की तशी माहिती आरटीओला ऑनलाइन द्यावी लागते. विम्याची मुदत पोर्टलवर आपोआप येतेच. त्यात एक रकाना वाढवायचा आहे. बोलीदार संघटित आहेत, ते विरोध करतील. आरसीसहचा भाव खाली येईल म्हणून विमा कंपन्यांनाही हे फारसं रुचणार नाही, हे मी त्यांच्याच पैशांवर जगलेला माणूस म्हणून सांगतो.

तोवर ज्यांना घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही तर तो काढून टाकलाय. पेटून विझला म्हणून निर्धास्त होऊ नका, रेझिस्टर आठवा, आणि कंपनीच्या स्कॅनरवर गाडी लावून घ्या. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून खालचं लेबल आणि त्यावरचं उत्पादनाचं वर्ष बघा. चासी नंबर गाडीवर जितक्या ठिकाणी असतो तितक्या ठिकाणी वाचा. आणि विकणाऱ्याला तोंडाने नको, लेखी विचारा, की या गाडीवर कधी टोटल लॉसचा क्लेम झालाय का. खोटं लिहून देणं तोंडी खोटं बोलण्याइतकं सोपं नसतं, आणि ग्राहक न्यायालयात कागद चालतो.

संपादक महाराज, आपल्याकडेही एक काम आहे. आपल्या छोट्या जाहिरातींत दर रविवारी जुन्या गाड्यांचा अर्धा रकाना असतो. ‘एक हाती’, ‘लेडीज ड्रिव्हन’, ‘नॉन-ॲक्सिडेंटल’, काय वाटेल ते छापून येतं. गाडीच्या जाहिरातीत ‘टोटल लॉस क्लेम : झाला / नाही’ ही एक ओळ सक्तीची करा, आणि ती न भरणाऱ्याची जाहिरात घेऊ नका. सरकारी पोर्टलला वेळ लागेल, आपल्याला पुढच्या रविवारपासून करता येईल. जाहिरात खातं काय म्हणतं ते कृपया कळवावं. नमुन्याचा मजकूर हवा असेल तर मी लिहून देतो, पैसे नकोत.

आपला,
एक निवृत्त मोटार सर्व्हेअर
राजारामपुरी, कोल्हापूर
(नाव छापू नये, ही विनंती. बोलीदारांपैकी निम्मे अजून मला लग्नाला बोलावतात.)